पहिला मुक्काम

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, की सारंगखेड्याच्या वाटेवर घोडे घेऊन येणाऱ्या मालमोटारींची रीघ लागते. सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील, तापी नदीच्या काठी वसलेले गाव. दत्ताची मूर्ती आपण बहुधा तीन मुखांची पाहतो. येथील मूर्ती मात्र एकमुखी आहे. दत्तजयंतीला येथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी येथे उतरतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकू पाहणारा मारवाडी घोडा येथे हमखास दृष्टीस पडतो. अंगावर काळेपांढरे मोठे डाग असलेला अबलख, गुलाबी कातडीचा शुभ्र नुकरा, तांबूस कुमैत, असे रंगही ओळखावयास मिळतात.

मुलांनो, अशा ठिकाणी शाळेची सहल निघाली आणि एक रात्र मुक्काम करावयाचा ठरला, तर तुम्हांला किती आनंद होईल! परंतु तुमच्यापैकी जो प्रथमच आईवडिलांवाचून बाहेरगावी राहणार असेल, त्याच्या मनात आनंदाबरोबर एक हुरहुरही असते. दिवसभर ती जाणवत नाही. रात्री दिवे मालवले, की ती हळूच डोके वर काढते. ही हुरहुर कशामुळे लागते? ती लागणे हा दुबळेपणा आहे काय? ह्या प्रश्नांचे उत्तर त्या घोड्यांच्या बाजारातच शोधता येईल.

बाजारात घोडीच्या पायाशी घुटमळणारे एखादे शिंगरू दिसले, तर तेथे थोडा वेळ थांबा. घोडीच्या पोटात सुमारे अकरा महिने वाढलेले हे पिल्लू जन्मल्यावर साधारण तासाभरात आपल्या लटपटत्या पायांवर उभे राहते. पहिल्या आठवड्यात ते आईपासून चार पावलेही दूर जात नाही. नंतर ते थोडे दूर जाते, हुंगते, उड्या मारते आणि कशाची चाहूल लागताच धावत आईच्या कुशीशी येते. दिवस जातात तसे त्याचे अंतर वाढत जाते. पाचसहा महिन्यांनी त्याचे दूध तोडतात. त्या वेळी ते एकदोन दिवस खिंकाळून आईला हाका मारते. मात्र ज्या शिंगराला ह्या काळात दुसऱ्या शिंगराची सोबत मिळते, ते एकट्या ठेवलेल्या शिंगरापेक्षा लवकर शांत होते. जाणते अश्वपालक म्हणूनच त्याला एकटे ठेवीत नाहीत.

माणसाच्या मुलाचेही असेच असते. मेरी एन्सवर्थ नावाच्या विदुषी 1954 साली आफ्रिकेतील युगांडा देशात गेल्या आणि तेथील खेड्यांत आया व त्यांची तान्ही मुले ह्यांचे त्यांनी निरीक्षण केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की आई जवळ आहे अशी खात्री असलेले मूल रांगत दूर जाते, नव्या वस्तू हाताळते, मधूनच मागे वळून आईकडे पाहते आणि पुन्हा पुढे सरकते. म्हणजे आईची माया मुलाला बांधून ठेवीत नाही. दूर जाण्याचे बळ तीच त्याला देते. ज्याला परतण्याचे ठिकाण पक्के आहे, तो निर्धास्तपणे पुढे पाऊल टाकतो.

तरीही रात्री घर आठवतेच. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये 1688 साली योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ह्या आठवणीवरच प्रबंध लिहिला. बर्नहून बाझेल शहरी शिकावयास आलेला एक तरुण खंगत चालला होता. औषधांचा गुण येईना. अखेर त्याला घरी पाठविण्याचे ठरले, आणि आश्चर्य असे, की तो वाटेस लागताच त्याला आराम पडू लागला. होफरने ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ह्या व्याधीला नाव दिले. आज घरच्या ओढीला कोणी रोग म्हणत नाही. ती थोरांनाही लागते. सैनिकांना लागते, परगावी शिकणाऱ्यांना लागते, आणि ऊसतोडणीसाठी घर सोडून गेलेल्या मजुरांनाही लागते. तेव्हा तुमचे डोळे पाणावले, तर त्यात लाजण्याजोगे काही नाही.

ही ओढ रिकामपणी वाढते आणि कामात गुंतल्यावर कमी होते. म्हणून मुक्कामावर पोहोचताच आपले अंथरूण आपण घालावे, दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवावे, गुरुजींनी नेमून दिलेले काम करावे. मार्गशीर्षात खानदेशात कडाक्याची थंडी असते. आपले पांघरूण हाताशी ठेवावे. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडताना शेजारच्याला आधी द्यावी. आणि मन फारच भरून आले, तर मित्राला किंवा गुरुजींना सांगावे. बोललेले दुःख हलके होते. एखादा सोबती पांघरुणात तोंड खुपसून निजला असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्याच्याशी दोन शब्द बोला. शिंगराला जी सोबत हवी असते, तीच त्यालाही हवी असते.

घरापासून दूर गेल्यावर स्वतःची काळजी स्वतः घेणे हेही ओघाने येते. यात्रेत गर्दी मोठी असते. घोड्याच्या मागून कधी जाऊ नये. त्याला मागचे नीट दिसत नाही, आणि दचकला तर तो लाथ झाडतो. नदीच्या पाण्याकडे एकट्याने जाऊ नये. सोबत्यांची चुकामूक झालीच, तर सैरावैरा धावत सुटू नये. जेथे चुकलो, तेथेच थोडा वेळ उभे राहावे; शोधणारे प्रथम तेथेच येतात. कोणी आले नाही, तर गणवेशातील पोलिसाला आपले नाव, शाळेचे नाव आणि गुरुजींचा दूरध्वनी क्रमांक सांगावा. तो क्रमांक पाठ असावा. मोबाइलमध्ये असून भागत नाही. मुलांच्या मदतीसाठी देशभर 1098 हा क्रमांक आहे, तोही लक्षात ठेवावा. चुकल्याबद्दल रागावतील म्हणून लपून राहणे, ही मात्र सर्वांत मोठी चूक होय.

आणखी एक गोष्ट. मुक्काम जसा तुमचा असतो, तसा तो तुमच्या घरच्यांचाही असतो. त्या रात्री घरात एक अंथरूण कमी पडते. जेवताना एक पान कमी मांडले जाते. ‘थंडी फार आहे, पांघरले असेल ना?’ असे आई दोनदा तरी म्हणते. तुम्हांला पाठवण्यासाठी तिनेही आपले मन घट्ट केलेले असते. म्हणून परत आल्यावर ‘मजा आली’ एवढे सांगून पळू नका. एकमुखी दत्त कसा दिसला, नुकरा घोडा कसा चालला, रात्री घर केव्हा आठवले आणि झोप केव्हा लागली, हे सारे तिच्याजवळ बसून सांगा. ते ऐकताना तिची काळजी निवेल, आणि पुढच्या वेळी तुम्हांला अधिक दूर पाठवावयास ती तयार होईल.