कानातला आवाज आणि घरातले मीठ

रेडिओच्या काळात बातम्या साऱ्या घराला ऐकू येत. आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या लागल्या, की आजोबा ओसरीवर, आई स्वयंपाकघरात आणि आम्ही पोरे दप्तर भरता भरता, असे सगळेच त्या ऐकत असू. कोणाचे एखादे वाक्य निसटले तर दुसरा ते सांगे. आता घरात चार माणसे असली तरी चौघांच्या कानात चार निरनिराळ्या बातम्या चाललेल्या असतात. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्यांच्या बोलण्यात 'पॉडकास्टवर ऐकलं' हे वाक्य इतक्या वेळा येऊ लागले आहे, की या विषयावर लिहिणे भागच होते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. 'आयपॉड' हे गाणी ऐकण्याचे यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रसारण, या दोहोंच्या जोडणीतून हा शब्द झाला आणि २००४ साली इंग्लंडच्या 'गार्डियन' दैनिकात तो छापून आला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'द डेली' नावाचा रोजचा बातम्यांचा पॉडकास्ट सुरू केला. एखादा विषय घ्यायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत तो उलगडून सांगायचा, अशी त्याची रीत. पुढे जगभर असे कार्यक्रम निघाले. आपल्या मराठीतही ते आहेत. थोडे राजकारण, थोडा समाज आणि जाता जाता आरोग्याच्या चार गोष्टी, असा साधारण बेत असतो.

ही सोय चांगली आहे, यात शंका नाही. मोतीबिंदूमुळे वाचता न येणारे आजोबा, दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली बाई, पहाटे दूध घालायला निघालेला माणूस यांना घरबसल्या, काम न थांबवता जग कळते. बरेचसे कार्यक्रम मेहनतीने केलेले असतात. माझी काळजी वेगळीच आहे. हा आवाज थेट कानात येतो आणि त्यामुळे तो आपल्यालाच उद्देशून बोलतो आहे असे वाटू लागते.

अमेरिकेतल्या डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. रेडिओ आणि टीव्हीवर रोज भेटणाऱ्या निवेदकाशी श्रोत्याचे एकतर्फी नाते जुळते. श्रोता त्याला ओळखतो, निवेदकाला मात्र श्रोता ठाऊकही नसतो. २०२२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेच बोलणे काहींना स्पीकरवर ऐकवले, काहींना हेडफोनवर. हेडफोनवर ऐकणाऱ्यांना बोलणारा अधिक जवळचा वाटला आणि त्याचे म्हणणे त्यांना अधिक पटले. आवाज डोक्याच्या आतूनच येतो आहे असा भास होतो, हे त्याचे कारण.

आता आमच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, वय ६६, पंधरा वर्षांचा मधुमेह. मूत्रपिंड थोडे थकलेले, क्रिएटिनिन २.१. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू. गोळ्या वेळेवर घेणारा, पथ्य सांभाळणारा माणूस. एके दिवशी मुलाच्या मोटारसायकलवरून आले ते पाय उचलवत नाहीत म्हणून. जिने चढताना मांड्यांत जोर राहत नव्हता, छातीत मध्येच धडधडल्यासारखे होई. कार्डिओग्राम काढला, तो मला आवडला नाही. रक्तातले पोटॅशियम तपासले, ६.३ निघाले. ते साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे लागते. वाढलेल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके अचानक थांबू शकतात, म्हणून त्यांना तडक जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. चार दिवसांनी सुखरूप परतले.

पोटॅशियम वाढले कशाने? नवीन औषध नाही, शहाळ्याचे पाणी नाही. शेवटी त्यांच्या पत्नीने सांगितले, 'दोन महिने झाले, ह्यांनी घरातलं मीठच बदललंय.' गृहस्थ म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, आमच्या सकाळच्या साहेबांनीच सांगितलं होतं.' हे साहेब म्हणजे त्यांच्या रोजच्या पॉडकास्टचे निवेदक!

मी तो भाग मुलाच्या मोबाईलवर ऐकला. सांगितलेले काहीही चुकीचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशी शिफारस केली, की घरी मीठ वापरायचेच असेल तर नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ वापरावे. सोडियम कमी झाले की रक्तदाब उतरतो, लकव्याचा धोका कमी होतो. मात्र त्याच शिफारशीत म्हटले आहे, की ती गर्भवती स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले किंवा ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांसाठी नाही. निवेदकानेही हे सांगितले होते, अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. नेमके त्याच वेळी आमचे गृहस्थ इअरफोन काढून चहाला उठले असावेत.

या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकते, थकलेल्याला ते जमत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनीही पोटॅशियम शरीरात अधिक साठते. म्हणून यांपैकी काही चालू असेल, किंवा मधुमेह जुना असेल, तर हे मीठ आणण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, ती मूत्रपिंड राखण्यासाठीच दिलेली असते. जाता जाता एक सांगतो. सैंधव म्हणजे कमी सोडियमचे मीठ नव्हे. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. सर्वांना लागू पडणारा सल्ला एकच, मीठ कोणतेही असो, ते कमी खा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडे कमीच, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले.

राजकारणाच्या बातम्यांचे म्हणाल तर तिथे कोणी मीठ बदलत नाही, पण रक्तदाब बदलतो. १९९७ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. १४ मिनिटांच्या वाईट बातम्या पाहिलेल्यांचे मन तर खिन्न झालेच, शिवाय त्या बातम्यांशी संबंध नसलेल्या त्यांच्या घरगुती काळज्याही त्यांना अधिक मोठ्या वाटू लागल्या. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील बॉम्बस्फोटानंतर असे आढळले, की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक त्याच बातम्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. एक पॉडकास्ट ऐकला तर तो संपतो. पण मोबाईल लगेच पुढचा लावतो, त्यानंतर आणखी पुढचा. रात्री दोनला झोप येत नाही म्हणून ऐकत पडणारे आणि ऐकतात म्हणूनच झोप न येणारे, असे दोघेही माझ्याकडे झोपेची गोळी मागायला येतात. त्यांना मी आधी मोबाईलमधली आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करायला सांगतो. घरी रक्तदाब मोजणाऱ्यांनीही कानात बातम्या चालू ठेवून मोजू नये. पाच मिनिटे शांत, न बोलता बसावे आणि मग पट्टा बांधावा.

कानाचीही थोडी दया येऊ द्या. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एस.टी.च्या खडखडाटात बातम्या ऐकू याव्यात म्हणून आपण आवाज किती वाढवतो ते एकदा बघा. पावसाळ्यात ओलसर कानात दिवसभर बोंडे खुपसून बसले तर बुरशी धरते, आणि कान खाजतो म्हणून माणूस त्यात आगपेटीची काडी घालतो. रस्त्याने चालताना तर दोन्ही कान मोकळेच हवेत.

आरोग्याचा भाग आवडत असेल तर तो इअरफोन काढून, स्पीकरवर, घरातल्या आणखी एकासोबत ऐका. काही करावेसे वाटले तर कालनिर्णयच्या मागे कार्यक्रमाचे नाव आणि तारीख टिपून ठेवा, आणि पुढच्या खेपेला गोळ्यांच्या पाकिटासोबत ते पान आणि मोबाईल घेऊन या. आपण तो भाग शेवटपर्यंत मिळून ऐकू. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बाहेर बाकावर बसायलाही जागा नसते.