पत्ता सांगा, मग पुढचं बोलू!

अ‍ॅडमिशन झाली, व्हिसा आला, चकल्यांचे डबे बॅगेत बसले. आता म्युनिकमध्ये राहायला खोली कोण देणार?

‘तो जर्मनीला चाललाय’ हे वाक्य पुण्यात आता इतकं कॉमन झालंय की शेजारच्या काकूसुद्धा ‘कुठलं शहर?’ एवढंच विचारतात. मॅक्सम्युलर भवनात ए-वन, ए-टू करणारी दोन-चार पोरं प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या भारतीय विद्यार्थ्यांचा आकडा ४९ हजारांवर गेला. कारण सरळ आहे, बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने मात्र २०२४-२५पासून युरोपियन युनियनबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४ किंवा ६ हजार युरो! म्हणजे ‘जर्मनी फुकट’ हा फंडा तिथे तरी संपला.

पण फीचं टेन्शन निदान आधी कळतं. खोलीचं टेन्शन विमानातून उतरल्यावर कळतं.

त्यात टायमिंग असं, की हिवाळी सत्राची पोरं पोहोचतात सप्टेंबरच्या शेवटी, आणि तेव्हाच म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट चालू असतो. अख्ख्या जगातून लोक बिअर प्यायला आलेले, हॉस्टेल-हॉटेलचे दर आभाळाला भिडलेले. ‘चार दिवस हॉटेलात राहू, तोवर खोली बघू’ हा अस्सल देशी प्लॅन इथे पार कोलमडतो.

आणि खोली म्हणजे फक्त डोक्यावरचं छप्पर नव्हे. जर्मनीत राहायला लागल्यापासून १४ दिवसांत सरकारदरबारी पत्त्याची नोंद करावी लागते. ह्याला म्हणतात ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंद नाही तर टॅक्स नंबर नाही, आणि टॅक्स नंबर नसेल तर पार्टटाइम जॉबचा पगार अडतो. अनेक बँका खात्यासाठी तोच कागद मागतात. व्हिसा संपण्याआधी रेसिडन्स परमिट काढायचं, तर तिथेही पहिला प्रश्न पत्त्याचाच. आपल्याकडे रेशनकार्डाने जे केलं, तेच इथे हा एक कागद करतो.

आता जरा हिशोब मांडू. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात (सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा). तिथे पोहोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली साधारण ८०० युरोच्या घरात. आरोग्य विमा सुमारे १४०-१५०. उरले किती? पन्नासेक युरो, बॉस! त्यात महिनाभर जेवायचं.

म्हणून सगळ्यांचा डोळा असतो विद्यार्थी वसतिगृहांवर. तिथे भाडं बाहेरच्यापेक्षा खूपच कमी, पण वेटिंग लिस्ट काही सेमिस्टरची. ऑलिम्पिक व्हिलेजमधली बुटकी, रंगीबेरंगी घरं तर सॉलिड फेमस आहेत. १९७२च्या ऑलिम्पिकला जिथे महिला खेळाडू राहिल्या, तिथेच आता विद्यार्थी राहतात आणि भिंतीवर हवं ते रंगवतात. शहराच्या उत्तरेला यू-सिक्स मेट्रोवर ‘श्टुडेंटेनश्टाट’, म्हणजे विद्यार्थीनगर आहे. तिथे २०२१मध्ये आग लागली, पुढे इमारतींत तांत्रिक दोषही निघाले आणि हजारावर खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. ज्या शहरात पोरं खोलीसाठी वणवण फिरतात, तिथे! जर्मन कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं.

मग उरतो ‘वेगे’, म्हणजे चार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. तिथे खोलीसाठी चक्क इंटरव्ह्यू होतो. किचनमध्ये बसवून विचारतात: सकाळी लवकर उठतोस का? पार्टी चालते का? साफसफाईचा तक्ता पाळशील ना? आपण मार्क्स आणि प्रोजेक्ट्स सांगायला जातो, त्यांना त्यात काडीचा रस नसतो. आपल्यासोबत एका टेबलावर जेवायला मजा येईल का, एवढंच ते बघतात. ‘मी कांदेपोहे मस्त करतो’ हे वाक्य इथे डिस्टिंक्शनपेक्षा जास्त कामाचं. (पुढे फोडणीच्या धुराने पॅसेजमधला स्मोक डिटेक्टर बोंबलला की काय, ते नंतर बघू.)

घाईला आलेली पोरं इथेच फसतात. सुंदर फोटो, भाडं निम्मं, आणि मालक म्हणे कामानिमित्त परदेशात. डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. चावी कधीच येत नाही. खोली न बघता एक पैसाही पाठवायचा नाही, मग आई-बाबा कितीही काळजीत असोत.

खोली मिळाली की बाकीचं हळूहळू जमतं. दुकानं रात्री ८ला बंद, रविवारी तर शुकशुकाट, हे दोन उपाशी रविवारांत कळतं. प्लास्टिकची बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, हे पहिल्याच आठवड्यात. जड जातो तो डिसेंबर. साडेचारला अंधार. संध्याकाळी ६ला लेक्चर संपवून फोन करावा तर घरी साडेदहा वाजलेले, आई जांभया देत ‘जेवलास का?’ विचारते. म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी बोलायला माणसं मिळतात, हा मोठाच आधार. पण अख्खा वीकेंड देशी ग्रुपमध्येच घालवणाऱ्यांचं जर्मन ए-टूवरच अडकतं, आणि मग चांगला पार्टटाइम जॉब दुसराच कोणी घेऊन जातो.

तुमचा भाऊ-बहीण येत्या सत्राला निघत असेल, तर वसतिगृहाचा अर्ज अ‍ॅडमिशनचं पत्र आल्याच्या दिवशीच भरायला लावा. शिवाय ‘झ्विशेनमीटं’ हा शब्द पाठ करून घ्या. कोणी सेमिस्टरभर दुसऱ्या देशात गेलं की त्याची खोली तेवढ्यापुरती भाड्याने मिळते, आणि सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांसाठी ती पुरते. फक्त ‘हो’ म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ह्या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल ना?