बोलीशब्दांच्या नोंदीसाठी निकटछायाचित्रण : अल्पखर्चिक साधनांची निवड

मागील घटकात आपण बोलीतील शब्दसंग्रहाची पद्धत पाहिली. भांडी, अवजारे, नातेसंबंध यांची नावे नोंदवताना फारशी अडचण येत नाही. ती येते किडामुंगी आणि रानफुले यांच्या नावांपाशी. विजयदुर्गच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणाशी त्यांचा संबंध सांगितला जातो. ओटे जागेवर आहेत, म्हणून त्या शब्दाचा अर्थही जागेवर आहे. आंब्याच्या मोहरावरचा चार-पाच मिलिमीटरचा तुडतुडा मात्र आपण वही उघडेपर्यंत थांबत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी याच परिसरातील एका वृद्ध बागायतदारांनी मला मोहरावरील तीन किड्यांची तीन नावे सांगितली. माझ्या वहीत तिन्हींपुढे ‘एक प्रकारचा किडा’ एवढेच लिहिलेले आहे. ते गृहस्थ आज हयात नाहीत, आणि त्यांपैकी दोन नावे मला पुन्हा कोणाच्याही तोंडून ऐकायला मिळालेली नाहीत. छायाचित्र असते, तर कीटकशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाला दाखवता आले असते.

प्रथम संज्ञेविषयी. ‘मॅक्रो’ म्हणजे मोठे, ‘मायक्रो’ म्हणजे लहान. तरीही इतर कंपन्या ज्या भिंगाला ‘मॅक्रो’ म्हणतात त्याच प्रकारच्या भिंगाला निकॉन ‘मायक्रो’ म्हणते. एकाने प्रतिमेकडे पाहिले, दुसऱ्याने वस्तूकडे! आपण ‘निकटछायाचित्रण’ म्हणू. काटेकोर अर्थाने, कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल, तर ते १:१ प्रमाण होय.

या कामासाठीच घडवलेले नवे भिंग हजारो रुपयांना पडते. आरंभी त्याची आवश्यकता नाही. केवळ मोबाइल असेल तर काही शेकड्यांत मिळणारे चिमट्याचे भिंग घ्यावे. त्यातून कडा धूसर दिसतात आणि वस्तूच्या अगदी जवळ जावे लागते. परंतु पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांना ते पुरते. तुडतुड्याला पुरत नाही. तो उडी मारतो.

भिंग बदलता येणारा कॅमेरा असेल, तर भिंग उलटे बसवण्याची कडी सर्वांत स्वस्त. तिच्यात भिंगाची मागची नाजूक काच उघडी पडते, आणि आपल्याकडे वाऱ्यात खारही असतो, धूळही. माझे मत विस्तारनळ्यांच्या बाजूने आहे. त्या पोकळ असतात, त्यात काच नसते. भिंग संवेदकापासून दूर नेणे एवढेच त्यांचे काम. नळीची लांबी भागिले भिंगाचे नाभीय अंतर, एवढे प्रमाण वाढते. १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन नळ्या एकत्र केल्यास ६८ होतात. ५० मिलिमीटरच्या भिंगावर वाढ १.३६, तर २०० च्या भिंगावर जेमतेम एकतृतीयांश. म्हणून नळ्या ५० च्या भिंगासाठीच घ्याव्यात. विद्युत्-संपर्क असलेल्या नळ्या महाग असतात, पण त्यांच्याविना आजच्या बहुतेक भिंगांचे छिद्र कॅमेऱ्यातून लहान-मोठे करता येत नाही. इथे काटकसर करू नये.

खरी गरज असते ती प्रकाशाची. १:१ प्रमाणात, एफ ८ छिद्र ठेवूनही, स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटर भरत नाही. डोळा स्पष्ट आला तर पंख पुसट होतात. छिद्र आणखी लहान केले की अंधार. म्हणून तिपाईचे पैसे वाचवावेत (खाडीच्या वाऱ्यावर डहाळी हलतच असते) आणि साधा फ्लॅश घेऊन त्यापुढे पातळ पांढरा कागद लावावा.

जुने भिंग विकत घेताना आरपार विजेरी धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. असे भिंग फुकट मिळाले तरी घेऊ नये. घरी भिंग चामडी पिशवीत न ठेवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

सराव : मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीचे शक्य तितक्या जवळून छायाचित्र घ्या. चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा, आणि आपल्या संवेदकाच्या रुंदीला त्या संख्येने भागा. येणारे प्रमाण, छायाचित्राचा दिनांक, गाव आणि नाव सांगणाऱ्याचे वय प्रत्येक शब्दाच्या चिठ्ठीवर लिहा.