बेपत्ता पोरीची चौकशी कोण करणार? चिकानो रहस्यकथांची ओळख

आज आम्ही रहस्यकथांविषयी बोलणार आहोत. दुपारची कामं उरकली असतील तर जरा टेका. निवडायला काही असेल तर सूप घेऊन बसा, कान मोकळे असले म्हणजे झालं.

रहस्यकथा म्हटली की आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना बाबुराव अर्णाळकरांची पुस्तकं आठवतील. चुलीपुढे बसून चोरून वाचणाऱ्याही असतील! त्या तऱ्हेच्या गोष्टीत खून होतो, हुशार माणूस छडा लावतो, खुनी सापडतो, पोलीस बेड्या घालतात. आपल्याला हायसं वाटतं. एक वाईट माणूस गेला की सगळं पुन्हा ठीक होतं, असं ती गोष्ट सांगते.

आज ज्या गोष्टी सांगणार आहोत, त्या वाचून असं हायसं वाटत नाही. त्या आहेत अमेरिकेतल्या चिकानो लोकांच्या. बाईला म्हणतात चिकाना.

हे लोक कोण? अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिको देश आहे. १८४६ ते १८४८ या काळात दोन्ही देशांत लढाई झाली, मेक्सिको हरला आणि त्याचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे त्यातलेच भाग. तिथली माणसं आपल्याच घरात बसून परक्या देशाची झाली. तहात लिहिलं होतं की जमिनी ज्याच्या त्याच्याकडे राहतील. पण पुढे कोर्टात कागद दाखवा म्हणाले. कागद स्पॅनिश भाषेत, कोर्ट इंग्रजी, खटले वर्षानुवर्षं चालणारे. कितीतरी जमिनी अशा गेल्या. सातबाऱ्यावर नाव चढवायला हेलपाटे घातलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. नंतर मेक्सिकोतून मजुरीसाठी आणखी माणसं आली. ‘चिकानो’ हा शब्द आधी हिणवायला वापरत. १९६० नंतरच्या चळवळीत तरुणांनी तोच शब्द मानाने स्वतःला लावून घेतला.

आता अशा समाजात पोलीस आपल्या बाजूचा आहे असं कुणाला वाटणार? म्हणून या गोष्टींत छडा लावणारी माणसं बहुतेक वेळा पोलिसाबाहेरची असतात. मॅन्युएल रामोस हे डेन्व्हर शहरातले लेखक स्वतः गरिबांना कायद्याची मदत देणारे वकील. त्यांचा नायकही थकलाभागला वकीलच आहे. रुडोल्फो अनाया यांनी न्यू मेक्सिकोतला सनी बाका उभा केला. रोलांडो इनोहोसा यांनी मात्र टेक्सासमधला चिकानो पोलीस अधिकारीच नायक केला. ही सगळी नावं नुसती कानावर असू द्या. आम्हाला थांबायचं आहे ते दोन बायकांच्या पुस्तकांपाशी.

पहिली लुचा कोर्पी. जन्म १९४५ सालचा, मेक्सिकोतला. लग्न होऊन कॅलिफोर्नियात आली. ओकलंड शहरात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी तिने कितीतरी वर्षं केली. कविता स्पॅनिशमध्ये लिहिते, कादंबऱ्या इंग्रजीत. तिची नायिका ग्लोरिया दमास्को ही घरदार, नवरा, लहान मुलगी असलेली साधी बाई.

ग्लोरियाची पहिली गोष्ट १९९२ साली आली. ती सुरू होते २९ ऑगस्ट १९७० या दिवशी. हा दिवस खरा आहे. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात हजारो चिकानो लोकांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चा काढला होता, कारण त्यांची पोरं त्या युद्धात फार मरत होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. रुबेन सालाझार नावाचे नामवंत पत्रकार एका बारमध्ये बसले असताना पोलिसाने झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात लागून मेले. त्यासाठी कुणावरही खटला झाला नाही.

त्या गोंधळात कादंबरीतल्या ग्लोरियाला आणि तिच्या मैत्रिणीला रस्त्याच्या कडेला चार वर्षांचं एक पोरगं मेलेलं दिसतं. सगळं शहर पेटलेलं, त्यात एका लेकराकडे बघायला सवड कुणाला? ग्लोरियाला ते विसरता येत नाही. नवऱ्याच्या आग्रहाखातर ती शोध सोडते, पण उत्तर मिळवतेच, तब्बल अठरा वर्षांनी. अठरा वर्षं एक बाई एक प्रश्न पदराला गाठ मारून ठेवते. आम्हाला तिची हुशारी आवडलीच, पण ही गाठ जास्त आवडली.

ग्लोरियाला मधूनच काही दृश्यं दिसतात, पुढचं मागचं. आमच्यातली एक म्हणाली, म्हणजे अंगात येतं की काय! तसं नाही. त्या दृश्यांनी तिला नुसती चुणूक लागते. खरं काम ती पायी फिरून, माणसांशी बोलून, जुनी कागदपत्रं काढूनच करते.

तिच्या पुढच्या एका गोष्टीत द्राक्षमळ्यातले मजूर, त्यांचा संप आणि फवारणीचं विष आहे. फवारलेल्या रानातून गेलेल्या एका कामकरी मुलीचं शरीर त्या विषाने कायमचं पोखरलं जातं. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी निंदायला गेलेल्या आपल्या मैत्रिणींना हे ऐकताना घसा खवखवल्यासारखं होईल. हे विष खुनासारखं लगेच मारत नाही आणि त्याची नोंद गुन्हा म्हणून होत नाही. कोर्पी ते रहस्यकथेत आणून बसवते, म्हणजे ‘हे कुणी केलं?’ असं विचारणं भागच पडतं.

दुसरी लेखिका अलिसिया गास्पार दे आल्बा. ती एल पासो शहरात जन्मली. नदीच्या अलीकडे अमेरिकेतलं एल पासो, पलीकडे मेक्सिकोतलं हुआरेझ. हुआरेझमध्ये परदेशी कंपन्यांचे जोडणीचे कारखाने आहेत आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली तिथे पाळीत काम करतात. १९९३ पासून तिथे मुलींची प्रेतं सापडू लागली, आकडा शेकड्यांत गेला. त्यावर तिने २००५ साली कादंबरी लिहिली. नायिका इव्हॉन ही शिकवणारी बाई. कारखान्यातल्या एका गरोदर मुलीचं बाळ दत्तक घ्यायला ती माहेरच्या गावी येते, तर त्या मुलीचाच खून झालेला. मग इव्हॉनची धाकटी बहीणच बेपत्ता होते. आता ती बाहेरून आलेली शिकलेली बाई राहत नाही. जिचं माणूस हरवलंय, त्यातलीच एक होते.

या पुस्तकाबद्दल आमच्यात मतभेद झाले. काहींना त्यातली वर्णनं सोसली नाहीत. ती फार अंगावर येतात हे खरं. पण एक गोष्ट सगळ्यांनी मान्य केली. इथे खुनी कोण, याहून मोठं कोडं वेगळं आहे. इतक्या मुली गेल्या तरी चौकशी का होत नाही? पोरीच गरीब, सावळ्या, कामकरी. एक गेली तर दारात दुसरी उभी.

कादंबरीबाहेरचंही थोडं सांगतो. नोव्हेंबर २००१ मध्ये हुआरेझमधल्या एका जुन्या कापसाच्या शेतात आठ जणींची प्रेतं सापडली. त्यातल्या तिघींच्या आयांनी प्रकरण थेट अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं. मुलगी हरवल्याची तक्रार द्यायला गेल्यावर त्यांना काय ऐकवलं होतं, ते तिथे मांडलं गेलं: मित्राबरोबर गेली असेल, येईल परत. पहिले दिवस तसेच गेले. २००९ साली न्यायालयाने मेक्सिको सरकारला दोषी धरलं. पोरी बायका होत्या म्हणून तपासात हयगय झाली, असं निकालात नोंदवलं.

निकालाच्या कितीतरी आधीपासून शहरातल्या बायका विजेच्या खांबांवर गुलाबी रंग द्यायच्या आणि त्यावर काळा क्रूस काढायच्या. कारखान्याच्या बसने पाळीला जाणाऱ्या मुलींना ते खांब खिडकीतून दिसायचे.