दोन भाषांचा हिशेब: पहिली पक्की, तर दुसरी पक्की

ग्रामीण भारतात पाचवीच्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतले सोपे वाक्य वाचता येते, असे २०२२च्या ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात आढळले. २०१६मध्ये हे प्रमाण २४.७ टक्के होते. इंग्रजीची मागणी गावोगाव वाढत असताना सहा वर्षांत वाचन मात्र जागचे हलले नाही.

याच काळात आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले ५०.५ टक्क्यांवरून (२०१८) ४२.८ टक्क्यांवर (२०२२) घसरली. त्यात कोरोनाकाळातल्या बंद शाळांचा मोठा वाटा आहे.

२०२३मध्ये ‘असर’ने १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. ५७.३ टक्के मुलांनी इंग्रजी वाक्ये वाचली, पण त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे अर्थासह इंग्रजी वाचणारी मुले शंभरात ४२. सुमारे २५ टक्क्यांना तर स्वतःच्या भाषेतला दुसरीचा उतारादेखील वाचता आला नाही.

आकडे ग्रामीण भागाचे असले, तरी विश्रामबागेतल्या पालकांनीही ते मनावर घ्यावेत. सांगली आणि मिरजेच्या मधल्या या शिक्षणसंस्थांच्या परिसरात मुलाला शाळेत घालताना ‘मराठी, सेमी की इंग्लिश मीडियम?’ हा प्रश्न घरोघर असतो. तो दोन भाषांतून एक निवडण्यापुरता उरतो, तिथेच मुलाचे नुकसान सुरू होते. मुलाला दोन्ही भाषा हव्यात. ठरवायचे आहे ते कोणती आधी पक्की करायची आणि दुसरीला किती वेळ द्यायचा.

८०० तास आणि उरलेले तास

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान ८०० तास अध्यापन हवे. सहा-सात वर्षांचे मूल रोज दहा तास झोपते असे धरले, तर वर्षात ते सुमारे ५,१०० तास जागे असते. शाळेचा वाटा होतो १६ टक्के. उरलेल्या ८४ टक्क्यांत आजीच्या गोष्टी, बाजारहाट, भांडणे आणि खेळ येतात. बहुतेक घरांत हे सगळे मराठीत चालते. काही घरांत उर्दूत किंवा कन्नडमध्ये.

केवळ इंग्रजीतून शिकवणारी शाळा या ८४ टक्क्यांत साठलेल्या शब्दांना आणि अनुभवांना वर्गाबाहेर ठेवते. द्विभाषिक शिक्षण ते भांडवल वर्गात आणते. बेरीज-वजाबाकी, पाऊस, बी रुजणे या गोष्टी मूल ओळखीच्या भाषेत समजून घेते आणि मग त्यांची इंग्रजी नावे शिकते. एकाच वेळी अनोळखी विषय आणि अनोळखी भाषा, असा दुहेरी भार त्याच्यावर पडत नाही.

दोन वर्षे आणि सात वर्षे

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा फरक दाखवला. नव्या भाषेत रोजचे बोलणे सुमारे दोन वर्षांत जमते. त्या भाषेत धडा समजून उत्तर लिहिण्याची ताकद यायला पाच ते सात वर्षे लागतात. तीही आजूबाजूला इंग्रजीच असताना. म्हणून दुसरीतल्या मुलाने पाहुण्यांसमोर चार वाक्ये सफाईने म्हटली, तरी त्याला इंग्रजीतला विज्ञानाचा धडा कळतो असे समजू नये.

पहिल्या भाषेला दिलेला वेळ दुसरीच्या खात्यातून जातो, ही भीतीही आकड्यांपुढे टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील शाळांच्या माहितीवर टेलर आणि फॉन फिंटेल यांनी २०१६मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली तीन वर्षे मातृभाषेतून शिकलेल्या मुलांची चौथी ते सहावीतली इंग्रजी सुरुवातीपासून इंग्रजीतून शिकलेल्यांपेक्षा चांगली निघाली.

जे सिद्ध नाही

द्विभाषिक मुलांचा मेंदू अधिक तल्लख होतो, असे अनेकदा सांगितले जाते. पण २०१८मध्ये १५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा प्रौढांमध्ये असा खात्रीचा लाभ दिसला नाही. २०१९मध्ये अमेरिकेतील नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या पाहणीतही तो सापडला नाही. हैदराबादमध्ये ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) द्विभाषिकांना आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे आढळले. पण तो आयुष्यभर दोन भाषा बोलण्याशी जोडलेला निष्कर्ष आहे, शाळेच्या माध्यमाशी नव्हे. द्विभाषिक शिक्षणाचा भक्कम लाभ साधा आहे: विषय समजतो आणि दोन भाषा हाती येतात. तेवढा पुरेसा मोठा आहे.

महाराष्ट्राची वाट

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून असतात. बालभारती आठ माध्यमांत पुस्तके काढते. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत; तिथल्या कन्नड घरातल्या मुलासाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा ठरते.

विश्रामबागेतच या विचाराला जुना आधार आहे. १९१९मध्ये सुरू झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्यपद वि. कृ. गोकाक यांनी सांभाळले होते. ऑक्सफर्डला शिकलेले, इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी. कर्नाटकातल्या शाळांत कन्नडला पहिले स्थान द्यावे, अशी शिफारस १९८१मध्ये त्यांच्याच समितीने केली. इंग्रजीवर असे प्रभुत्व असलेला माणूस मातृभाषेचा आग्रह धरतो, याचे मोल मोठे आहे.

प्रवेश घेताना पालकांनी शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाला कळले नाही, तर शिक्षक घरच्या भाषेत समजावतात का? तिसरीच्या अखेरीस मूल मराठीतले न पाहिलेले पान वाचून आशय सांगू शकते का? इंग्रजीतले गणित सोडवल्यावर रीत मराठीत सांगू शकते का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर फलकावर कोणतेही माध्यम लिहिलेले असो, ती शाळा दोन्ही भाषा देते आहे.