छोटी टेलीफोटो लेन्स घेताना आपण नेमकं काय सोडतो?

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे, म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

ऐकता ऐकता एक काम करा. फोनचा कॅमेरा उघडा, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बसलेल्या कबुतराकडे धरा आणि झूम करत जा. एका टप्प्यापर्यंत पिसं नीट दिसतात. त्यानंतर कबुतर ओल्या ब्रशने रंगवल्यासारखं दिसायला लागतं. काही महागड्या फोनमध्ये पाच पट झूमची खरी लेन्स असते, पण तीही कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण १२० मिलिमीटरची. त्यापुढे फोन फोटो कापतो आणि उरलेलं सॉफ्टवेअर भरून काढतं. मी पोटासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. पण जो उजेड आत आलाच नाही, तो कोडमधून कसा आणणार?

मग माणूस कॅमेरा घेतो आणि पाठोपाठ टेलीफोटो लेन्स शोधायला लागतो. तिथेच मी आपटलो.

दोन किलोंची चूक

पहिला बरा बोनस मिळाला तेव्हा मी एक मोठी सेकंडहँड लेन्स घेतली. ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी, वजन जवळपास दोन किलो. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांना पक्ष्यांचा नाद. दोघांनी मिळून फिरायचं, आलटूनपालटून फोटो काढायचे, असा बेत. हिवाळ्यात भिगवणला गेलो. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये नाव, समोर फ्लेमिंगो, सगळं जुळून आलेलं. मी कॅमेरा बाबांच्या हातात दिला. त्यांनी दोन फोटो काढले, हात थरथरायला लागले, आणि कॅमेरा परत देत म्हणाले, “जड आहे रे. तूच काढ.”

पूर्ण सकाळ ते नुसते बघत बसले. ती लेन्स त्यानंतर तीन वेळा बाहेर पडली असेल. बाकी वेळ कपाटात.

म्हणून आजचा विषय ‘सगळ्यात भारी लेन्स कोणती’ हा नाही. छोटी लेन्स छोटी का असते आणि त्या बदल्यात तुम्ही काय देता, हे एकदा कळलं की निवड तुमची तुम्हालाच करता येते.

छोटी होते कशी?

शाळेत भिंगाचं नाभीय अंतर शिकलो होतो ना, तेच हे मिलिमीटर. आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. साध्या एका भिंगाची ४०० मिलिमीटरची लेन्स केली, तर ती ४० सेंटिमीटर लांब होईल. टेलीफोटो रचनेत पुढे प्रकाश एकत्र आणणारा भिंगांचा गट असतो आणि मागे थोडा पसरवणारा. पुढे बहिर्वक्र, मागे अंतर्वक्र, असं समजा. त्यामुळे लेन्स तिच्या नाभीय अंतरापेक्षा आखूड करता येते. टेलीफोटो या शब्दाचा तांत्रिक अर्थच हा आहे.

म्हणजे लांबी अशी कमी झाली. आता जाडी. एफ ५.६, एफ ८ असे जे आकडे लेन्सवर लिहिलेले असतात ना, तो साधा भागाकार आहे. ४०० ला ५.६ ने भागा: साधारण ७१ मिलिमीटर. ४०० ला ८ ने भागा: ५० मिलिमीटर. उजेड आत यायला एवढं तोंड मोकळं लागतं. तोंड ७१ वरून ५० वर आलं की काच कमी लागते, वजन उतरतं, किंमतही उतरते. पण क्षेत्रफळ अर्धं होतं, म्हणजे उजेडही अर्धा.

छोट्या लेन्सचा सौदा तो हाच. वजन कमी, उजेड कमी.

अर्धा उजेड म्हणजे किती नुकसान?

उडणारा पक्षी गोठवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान लागतं. सकाळी सातच्या उजेडात एफ ५.६ ला आयएसओ १६०० पुरत असेल, तर एफ ८ ला तोच फोटो ३२०० वर जाईल. थोडे दाणे दिसतील. आजचे सेन्सर आणि नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर्स हे बऱ्यापैकी सांभाळतात. भर उन्हात तर फरक जाणवतही नाही. पण दाट जंगलात, संध्याकाळी, किंवा हॉलमधल्या कबड्डीच्या मॅचला तो फरक चांगलाच बोचतो. तुमचे फोटो तिथले असतील, तर छोटी लेन्स तुमच्यासाठी नाही. सरळ सांगतोय.

इथे एक गैरसमज काढून टाकू. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असलं की सगळं शार्प येतं, असं दुकानात ऐकवतात. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. पक्ष्याची फडफड थांबवायला वेगवान शटरच लागतं.

मग घ्यायची कोणती?

आधी तुमची बॉडी बघा. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर दृश्य दीड पट जवळ येतं, कॅननवर १.६ पट. म्हणजे २५० ची लेन्स ४०० सारखी दिसते.

निकॉनचा झेड ५० सारखा कॅमेरा असेल तर ५०-२५० ही लेन्स ४०५ ग्रॅमची आहे. सोनीच्या एपीएस-सी बॉडीसाठी ७०-३५० ही ६२५ ग्रॅमची. कॅनन आर सिरीजसाठी १००-४०० ही ६३५ ग्रॅमची, टोकाला एफ ८. ती ८८ सेंटिमीटरवरूनही फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं आणि कासची फुलंही छान येतात. टॅमरॉनची ७०-३०० फक्त ५४५ ग्रॅमची, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. सोनी ए६४०० सारख्या बॉडीतही ते नसतं, म्हणजे सगळा भार तुमच्या हातांवर. अशा जोड्या घेण्याआधीच तपासा, घेतल्यावर नाही.

आणि हो, ही लेन्स बंद असताना छोटी असते. झूम केली की नळी बाहेर येते. बॅगेत मावते, पण वापरताना दिसते मोठीच.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. फोनचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून निघा. बारीक धूळ चालते. मग विटांच्या भिंतीचा समोरून फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग सरकलेलं असू शकतं. फोकस जवळून लांब, लांबून जवळ चार-पाच वेळा करून बघा, अडखळतो का.

सगळ्यात आधी मात्र एक वीकेंड भाड्याने घ्या. लेन्स लावून कॅमेरा दहा मिनिटं डोळ्याला धरून उभे राहा. मी हे केलं असतं तर बोनस वाचला असता.

लेन्सच्या हातात नसलेली गोष्ट

भिगवणला ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. त्या हवेतून काढलेला लांबचा फोटो दोन किलोंच्या लेन्सनेही मऊच येतो. उपाय दोनच, लवकर जा आणि जवळ जा. जवळ म्हणजे पक्षी उडतील इतकं नाही, नावाड्याला घाई करायची नाही. हलकी लेन्स असली की पहाटे उठून निघायचाही कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव.

मोठी लेन्स विकली, थोडं नुकसान झालं. आता सहाशे ग्रॅमच्या आसपासची आहे. गेल्या हिवाळ्यात परत भिगवणला गेलो. बाबांनी कॅमेरा गळ्यात घातला तो परत काही दिला नाही. दोनशेच्या वर फोटो काढले, त्यातले निम्मे हललेले. एका फ्लेमिंगोचं डोकं फ्रेमच्या बाहेर आहे. घरी टीव्हीवर लावून आईला प्रत्येक फोटोची गोष्ट सांगत होते.

माझा त्या दिवशी एकही फोटो नाही. चालतंय.

तुम्ही कोणती लेन्स बघताय, बॉडी कोणती, आणि फोटो कशाचे काढायचेत, या तीन गोष्टी लिहून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काहींवर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि सिलिका जेलची पुडी फेकू नका, कॅमेऱ्याच्या बॅगेत टाका. भेटू!