जुन्या पीसीवर पहिल्यांदा लिनक्स

जुन्या संगणकावर लिनक्स बसवायला प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास लागतो. त्याआधीची तपासणी आणि फाइलींची प्रत काढणे यांना मात्र एखादा अख्खा रविवार द्यावा लागतो, आणि काम नीट होणार की फसणार हे बहुतेक वेळा त्या रविवारीच ठरते. पहिल्यांदा लिनक्सकडे वळणारे अनेकजण नेमका हाच भाग उरकून टाकतात आणि मग दोष लिनक्सला देतात.

हा प्रश्न आज घरोघरी आला, त्याचे कारण एक तारीख आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१२-१४ च्या सुमारास घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह संगणक एका दिवसात कालबाह्य ठरला. त्याचा मदरबोर्ड शाबूत आहे, प्रोसेसर शाबूत आहे. थांबला आहे तो फक्त सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा. तो पुरवठा लिनक्समधून पुन्हा सुरू करता येतो.

मुंबईतल्या दिंडोशीसारख्या वस्तीत अशा यंत्रांची वाण नाही. मृणाल गोरे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली नागरी निवारा वसाहत, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरच्या सोसायट्या, नगर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग, आणि कुठल्याही कोर्टाच्या आसपास असतात तशी टायपिंग-झेरॉक्सची दुकाने असा हा परिसर आहे. मुलाच्या दहावीला घेतलेला असेंबल्ड पीसी, वकिलाच्या टेबलावरचा जुना डेल किंवा एचपी, दुकानातला दहा वर्षांचा संगणक अशा ठिकाणी सहज सापडतो. त्याला भंगारात काढण्यापूर्वी एक संधी द्यायला हवी.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने मिळून आजची प्रणाली बनली. ती वापरण्याची, तिच्या प्रती काढण्याची आणि दुसऱ्याला देण्याची परवानगी तिच्या परवान्यातच आहे. त्यामुळे एका पेन ड्राइव्हवरून अख्ख्या सोसायटीतले संगणक चालते केले, तरी ते पूर्ण कायदेशीर ठरते. भारतात १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली. पुढे उबुंटू या लिनक्स-संचाच्या (डिस्ट्रिब्यूशनच्या) सीडी टपालाने मोफत घरी येत. आज ते सारे डाउनलोडवर आले आहे.

लिनक्स फक्त हौशी तंत्रज्ञांसाठी आहे, हा समज मोडण्यासाठी न्यायालयांचे उदाहरण पुरेसे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट्‌स प्रकल्पासाठी मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण स्वीकारले. देशभरातील कनिष्ठ न्यायालयांत वापरली जाणारी खटल्यांच्या नोंदींची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील गटाने तयार केली आहे, आणि न्यायाधीशांना उबुंटू लिनक्स वापरण्याचे प्रशिक्षण दिले गेले आहे. पन्नाशीतले न्यायिक अधिकारी जे शिकले, ते गृहिणीला, निवृत्त शिक्षकाला किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्याला अवघड जाण्याचे कारण नाही.

तपासणीची सुरुवात कॅबिनेट उघडून करावी. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील सोनेरी टोके काळवंडतात, पंख्यात धूळ साचते. वीज पूर्ण बंद करून रॅम काढावी, टोके साध्या खोडरबराने हलकेच पुसावीत, धूळ ब्रशने झटकावी. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली असेल तर ती बदलावी. या एका स्वस्त वस्तूमुळे नवख्या माणसाचे तासन्‌तास वाया जातात. बॅटरी संपलेला संगणक दरवेळी जुनी तारीख दाखवतो, आणि तारीख चुकली की ब्राउझर बँकेपासून वृत्तपत्रापर्यंत प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगू लागतो.

मग प्रोसेसर आणि रॅम पाहावी. इंटेलचा कोअर टू ड्युओ २००६ मध्ये आला. तो आणि त्यानंतरचे बहुतेक सर्व प्रोसेसर ६४-बिट आहेत, आणि आजचे जवळजवळ सगळे मोठे लिनक्स-संच ६४-बिटसाठीच निघतात. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. जुन्या पेंटियम-४ वर अँटिएक्ससारखा अगदी हलका संच चालू शकतो, पण त्यावर आजचे इंटरनेट सुखाने वापरता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रॅम चार जीबी असेल तर रोजची कामे होतात, आठ असेल तर निवांत होतात. दोन जीबीवर लिनक्स सुरू होईल, पण ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की ते अडखळेल. आजच्या संगणकात सर्वाधिक जड वस्तू ब्राउझर हीच आहे, आणि लिनक्स तिला हलकी करू शकत नाही.

जुन्या यंत्रात पैसे घालायचे तर ते एसएसडीत घालावेत. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी साटा एसएसडी बसवली की दहा वर्षांचा संगणक ओळखू येणार नाही इतका बदलतो. रॅम वाढवायची असेल तर ती डीडीआर २ आहे की डीडीआर ३, हे पाहून जुनी पट्टी सोबत घेऊनच लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जावे. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

यंत्राइतकीच तपासणी कामाची करावी लागते, आणि इथे स्पष्ट बोलणे भाग आहे. टॅली, पेजमेकर आणि फोटोशॉप यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. वाइन नावाच्या साधनाने काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण त्यावर रोजीरोटी अवलंबून ठेवू नये. मराठी डीटीपीची अडचण आणखी खोल आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट-संचांत केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. असा साठा असेल तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ओळीनओळ तपासून घ्यावा. डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्या वकिलांनी आणि कर सल्लागारांनी त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि आपले पोर्टल तो स्वीकारते का, हे आधी पाहावे. यापैकी एखादे काम रोजचे असेल तर तो संगणक विंडोजवर राहू द्यावा आणि लिनक्ससाठी दुसरे यंत्र निवडावे. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, नेट बँकिंग, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर मात्र कसलीच आडकाठी नाही.

आता फाइलींची प्रत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड घ्यावेत. डी ड्राइव्ह सुरक्षित राहील, या भरवशावर राहू नये. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला की सी, डी, ई सगळेच जाते. प्रत काढल्यावर त्यातल्या दहा-वीस फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

पहिल्यांदा येणाऱ्यासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, मधे पट्टी अशी तिची मांडणी विंडोज ७ वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही. झुबुंटू आणि लुबुंटूही चांगले आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय प्रणालीही उपलब्ध आहे. पण अडचण आली की शोधल्याबरोबर उत्तर सापडणे नवख्याला सर्वांत महत्त्वाचे, आणि ती सोय मिंट-उबुंटूच्या कुळात सर्वाधिक आहे.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल, साधारण तीन जीबीची असते. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला शा-२५६ हा ठसा आपल्या फाइलीशी जुळवून पाहावा. हा निव्वळ सोपस्कार वाटू शकतो, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन काही काळ डाउनलोडचा दुवा छुपा मागचा दरवाजा असलेल्या फाइलीकडे वळवला गेला होता. म्हणून ही तपासणी टाळू नये. फाइल नुसती पेन ड्राइव्हवर कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा एचर या मोफत साधनाने ती आठ जीबीच्या ड्राइव्हवर लिहावी लागते, आणि त्यात ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.

पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ असते. असेंबल्ड पीसीवर मदरबोर्डप्रमाणे बदलते. यादीतून यूएसबी निवडली की मिंट थेट पेन ड्राइव्हवरून चालू होते आणि हार्ड डिस्कला हातही लागत नाही. या अवस्थेत घाई अजिबात करू नये. वाय-फाय जोडून पाहावे, गाणे लावून आवाज ऐकावा, व्हिडिओ चालवावा, लॅपटॉप असेल तर झाकण मिटून उघडावे. ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल दिसतो. त्यात खराब सेक्टर वाढलेले दिसले तर डिस्क बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाय-फाय सापडले नाही तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की तात्पुरते इंटरनेट मिळते आणि ड्रायव्हर व्यवस्थापकातून तो ड्रायव्हर घेता येतो.

सगळे ठीक दिसले की डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करायचे. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेक्स असे साधे प्रश्न येतात. खरा प्रश्न एकच असतो: संपूर्ण डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे. प्रत हाताशी असेल आणि विंडोजची गरज उरली नसेल तर डिस्क पुसणे हाच सोपा आणि स्वच्छ मार्ग आहे. दोन्ही ठेवायचे असतील तर आधी विंडोजमधून जागा मोकळी करावी, फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी-की कागदावर लिहून ठेवावी. दोन प्रणाली एकत्र असल्या की विंडोजमधले घड्याळ कधी साडेपाच तास मागे दिसते; लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते, म्हणून. टाइम झोनच्या यादीत मुंबई सापडत नाही, कोलकाता निवडायचे. शेवटी नाव आणि पासवर्ड द्यायचा. हा पासवर्ड पुढे प्रत्येक नवा प्रोग्राम घेताना लागतो, म्हणून तो विसरू नये.

नव्या प्रणालीत पहिले काम अद्ययावत करण्याचे, दुसरे टाइमशिफ्ट चालू करण्याचे. एखादा बदल अंगाशी आला तर टाइमशिफ्ट प्रणालीला आदल्या स्थितीत नेते. प्रिंटरच्या बाबतीत एचपीची बरीच यंत्रे लावताक्षणी ओळखली जातात. झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांकडे हमखास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० चे तसे नाही. तो कॅप्ट नावाच्या स्वतंत्र पद्धतीने चालतो; लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतो, पण तो बसवणे नवख्याला जिकिरीचे जाते, आणि ते एखाद्या जाणकाराकडून करून घेतलेले बरे.

मराठीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट जोडले की टायपिंग सुरू. इन्स्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो, आणि त्यातून ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’ हे शब्द बिनचूक लिहिता येतात. आयबस आणि एम१७एन ही टायपिंग-साधनांची जोडी बसवली तर गमभन आणि रेमिंग्टन हे आराखडेही मिळतात. टायपिंग संस्थेत रेमिंग्टनवर हात बसलेल्या माणसाला पुन्हा शिकावे लागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडावी. त्याने योग्य फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. मेन्यूही मराठीत घेता येतात, मात्र भाषांतर सर्वत्र पूर्ण नसल्याने अधूनमधून इंग्रजी शब्द दिसतील.

पुढचे शिक्षण मराठीतूनच घेता येते. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य आहेत. एक पाठ ऐकत शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे, अशी त्यांची रचना असल्याने शिक्षकाशिवायही प्रगती होते.

लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि त्यानंतरची मालिकाही मोफतच असेल. तेव्हा घरातला जुना पीसी भंगारवाल्याला देण्याआधी एक रविवार काढा, त्याचे कॅबिनेट उघडा आणि फाइलींची प्रत घ्या.